देवकुंडला निघण्याआधी परतीच्या ओढ्याचा विचार करा

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यातले नऊ मित्र ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी ताम्हिणी घाटाखालच्या देवकुंड धबधब्याला जायचं म्हणतायत. दोघांना ट्रेकची सवय आहे, चौघांनी सिंहगड आणि राजगड केलाय, उरलेले पहिल्यांदाच जंगलात शिरणार. तिघांना पोहता येत नाही. बंदीचा आदेश असल्याचं त्यांच्या कानावर आहे, पण 'गावातला एक जण मागच्या वाटेने नेतो' असंही कुणीतरी सांगितलंय. बूट कुठले घ्यावेत, दोर किती लांबीचा हवा, किती वाजता निघावं आणि कुंडात उतरता येईल का, हे त्यांना विचारायचंय.

उत्तर आधीच देतो: ऑगस्टची तारीख रद्द करा. गणपती विसर्जन होऊन आठ-दहा दिवस उलटले, पावसाचा जोर उतरला आणि वाट खुली असल्याची गावातून खात्री झाली की मग जा. सप्टेंबरअखेर ते डिसेंबर हा देवकुंडचा खरा हंगाम. तेव्हा पाणी भरपूर असतं, पण त्याचा गढूळपणा गेलेला असतो. कुंडाचा तळ जिथे उथळ आहे तिथले दगड वरून मोजता येतात आणि ऊन पडलं की पाण्याला निळसर-हिरवा रंग चढतो. ज्या फोटोंवर भाळून तुम्ही बेत आखलाय, ते जवळजवळ सगळे याच दिवसांतले आहेत. ऑगस्टमध्ये तिथे चहाच्या रंगाचं पाणी, तोंडावर सपासप येणारे तुषार आणि धुकं असतं.

पण रंगासाठी मी तारीख बदलायला सांगत नाहीये. मी बरीच वर्षं या भागात लोकांना घेऊन फिरतो, आणि पावसाळ्यात माणसं अडकली की बचावासाठी जाणाऱ्यांबरोबरही उतरतो. तुमच्या चारही प्रश्नांत एक गोष्ट कुठेच आली नाही, आणि सगळा ट्रेक तिच्यावरच अवलंबून आहे. धबधब्यापर्यंत जाताना जे ओढे ओलांडायचे, तेच परत येताना पुन्हा ओलांडायचे असतात. मधल्या तीन-चार तासांत त्यांचं काय झालं असेल, हा खरा प्रश्न.

देवकुंडची रचना नीट समजून घ्या, म्हणजे मी इतका अडून का बसलोय ते कळेल. घाट उतरून पाटणूसमार्गे तुम्ही भिऱ्याला पोचता. हे गाव रायगड जिल्ह्यात, माणगाव तालुक्यात. टाटांचं भिऱ्याचं जलविद्युत केंद्र इथेच आहे. मुळशी धरणाचं पाणी डोंगराच्या पोटातून इथे खाली आणून 1927 पासून वीज तयार होते. (जाताना डाव्या-उजव्या हाताला मुळशीचा जलाशय दिसत राहतो. 1921 साली सेनापती बापटांनी ज्या धरणाविरुद्ध शेतकऱ्यांना घेऊन सत्याग्रह केला, तेच हे धरण. गाडी पाच मिनिटं थांबवून ते पाणी बघावं असं मला नेहमी वाटतं.) भिऱ्याहून धबधब्यापर्यंत एका बाजूला साधारण सहा किलोमीटर चाल आहे. पहिला टप्पा भिऱ्याच्या जलाशयाच्या कडेकडेने, बराचसा सपाट. मग वाट झाडीत शिरते, ओढे आडवे येतात, आणि शेवटी मोठमोठ्या धोंड्यांमधून चढत तुम्ही कड्याच्या पायथ्याशी येता. तिन्ही बाजूंनी उभा कातळ आणि समोर सरळ खाली कोसळणारी एकच धार.

ती धार येते ताम्हिणीच्या माथ्यावरून. घाटात थांबून लोक ज्या प्लस व्हॅलीचे फोटो काढतात, त्या दरीत गोळा झालेलं पाणी पुढे देवकुंडात पडतं. तुम्ही चालता रायगड जिल्ह्यात, पण तुमच्या ओढ्यात येणारा पाऊस पुणे जिल्ह्याच्या घाटमाथ्यावर पडलेला असतो. हवामान खात्याचा इशारा जिल्ह्यानुसार येतो. तुम्ही फक्त रायगडचा इशारा बघितला आणि तो हिरवा किंवा पिवळा निघाला, तर तुम्ही अर्धंच बघितलं. पुण्याचा 'घाट परिसर' म्हणून जो वेगळा इशारा देतात, तो बघायलाच हवा. पुणे शहरात लख्ख ऊन असतं, मुळशीपर्यंत रिमझिम असते आणि ताम्हिणीत ढग फुटल्यासारखा कोसळत असतो, हे पावसाळ्यातलं रोजचं चित्र आहे.

हा पाऊस किती असू शकतो? 25 जुलै 2024 च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत ताम्हिणीत साडेपाचशे मिलिमीटरहून अधिक पावसाची नोंद झाली. चोवीस तासांत 204.4 मिलिमीटरच्या वर गेलं की हवामान खातं त्याला 'अत्यंत मुसळधार' म्हणतं. इथे त्याच्या अडीच पटीहून जास्त पडला. तो दिवस सोडा, नेहमीची जोरदार सर धरू. घाटमाथ्याच्या फक्त एक चौरस किलोमीटरवर तासाभरात 50 मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी होतं पाच कोटी लिटर. ऑगस्टपर्यंत माती पिऊन पिऊन तुडुंब झालेली असते आणि तिच्याखाली बेसॉल्टचा कातळ असतो, त्यामुळे त्यातलं बरंचसं वाहूनच जातं. ते सगळं तासाभरात एका घळीतून खाली यायचं म्हटलं तर सेकंदाला जवळपास 14 हजार लिटर झाले. रस्त्यावर दिसणारा पाण्याचा मोठा टँकर दर सेकंदाला एकदा, पूर्ण भरलेला, तुमच्या पायांवर ओतला जातोय असं समजा.

त्यात वेगाचं गणित आणखी वाईट. पाण्याचा वेग दुप्पट झाला की पायावर बसणारा जोर चौपट होतो. सकाळी पिंडरीपर्यंतच्या संथ पाण्यातून तुम्ही गप्पा मारत पलीकडे गेलेले असता. दुपारी तेच पाणी गुडघ्याच्या वर आलेलं दिसतं आणि 'वीतभरच तर वाढलंय' असं वाटतं. पण आता वेग वाढलेला असतो, तळ दिसत नसतो, आणि शेवाळलेल्या गोट्यावरचा पाय एकदा उचलला गेला की तो पुन्हा टेकत नाही. अशा वेळी पट्टीच्या पोहणाऱ्याचाही फारसा निभाव लागत नाही, कारण पोहायला खोली नसते आणि धोंड्यांवर आपटायला मात्र पुरेसं पाणी असतं. लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात 30 जून 2024 ला एकाच कुटुंबातले पाच जण गेले. प्रवाहाच्या मधोमध एका खडकावर एकमेकांना धरून उभी असलेली ती माणसं सगळ्या देशाने मोबाइलवर पाहिली. ती उभी राहिली तेव्हा तिथे उभं राहण्यासारखं पाणी होतं. मग ते चढत गेलं आणि दोन्ही काठ तुटले.

म्हणून पाणी वाढतंय हे डोळ्यांनी ओळखायला शिका. हे शिकायला तांत्रिक काही लागत नाही. ओढा ओलांडला की पलीकडच्या काठावर थांबून मी वीतभर काठी, बहुतेक वेळा वाळक्या कारवीची, पाण्याच्या अगदी रेषेवर दोन दगडांच्या फटीत उभी रोवतो. शेजारच्या धोंड्यावर ओल कुठपर्यंत आहे ते बघून ठेवतो आणि फोनवर फोटो काढतो. फोटोवर वेळ आपोआप येते. बरोबरच्या प्रत्येकाला ती काठी बघायला लावतो, कारण परतताना निर्णय सगळ्यांना दिसला पाहिजे. काठीचा तळ कोरडा असेल तर ओढा उतरतोय. काठी अर्धी बुडाली असेल तर चर्चेला जागा नाही.

एका ऑक्टोबरमध्ये, परतीच्या पावसाच्या दिवसांत, आम्ही देवकुंडलाच होतो. वर आकाश निळं होतं, कुंडाशी दोन-तीन गट निवांत बसलेले. साडेबाराच्या सुमारास धारेच्या कडेने एक तपकिरी पट्टा उतरताना दिसला. त्याच्यामागून सुकी पानं आणि काटक्या आल्या, आणि आवाज, जो तोवर एकसारखा होता, तो जड झाला. बरोबरचे वाटाडे दादा काही बोलले नाहीत, फक्त सॅक उचलून उभे राहिले. आम्ही लगेच निघालो, शेजारच्या गटांनाही सांगितलं. ओढ्याशी आलो तर काठी चार बोटं पाण्यात होती, पाणी अजून पिंडरीच्या आत. पटापट पार झालो. मागे राहिलेला एक गट अर्ध्या तासाने आला तेव्हा तिथून पाय टाकण्याची सोय उरली नव्हती. दादांनी पलीकडून हातवारे करून त्यांना काठापासून उंचावर बसवून ठेवलं. पोरं चिडली, थंडीने काकडली, एकाने बूट काढून पाण्यात उतरायचा पवित्राही घेतला. दादा एवढंच ओरडत राहिले, "बसून राहा, उतरंल पानी!" संध्याकाळी पाणी उतरलं आणि सगळे आपल्या पायांनी अलीकडे आले.

सह्याद्रीचे हे छोटे ओढे जितक्या झपाट्याने चढतात तितक्याच लवकर उतरतातही, कारण त्यांचं पाणलोट छोटं असतं. वर सर थांबली की दोन-चार तासांत फरक दिसतो. म्हणून परतीच्या ओढ्याला पाणी चढलेलं दिसलं तर पहिला, दुसरा आणि तिसरा उपाय एकच, थांबणं. काठापासून दूर, उंच जागी, पण कड्याला चिकटून नाही, कारण वरून दगड येतात. कोरडे कपडे घाला, एकमेकांना चिकटून बसा, गूळ-शेंगदाणे खा. रात्र काढावी लागली तरी चालेल. जंगलात काढलेल्या एका रात्रीने सर्दी होईल, ऑफिस बुडेल, घरचे रागावतील. एवढ्यावर भागणार असेल तर ते सौदा म्हणून फार स्वस्त आहे.

दोराबद्दल. तीस मीटरचा, 10-11 मिलिमीटर जाडीचा, न ताणणारा दोर चांगला. पण तो वापरायला येत असेल तरच घ्या. मित्रमंडळींच्या ट्रेकमध्ये हमखास दिसणारा आणि जीवघेणा प्रकार म्हणजे माणसाच्या कमरेला दोर बांधून त्याला प्रवाहात सोडणं. तो पडला की दोर ताठ होतो, प्रवाह त्याला खाली दाबून धरतो आणि काठावरचे जितक्या जोराने ओढतात तितका तो आणखी पाण्याखाली जातो. प्रवाहात कुणालाही दोराला बांधायचं नाही. दोर बांधायचाच तर दोन्ही काठांवर भक्कम झाडांना, आणि सरळ आडवा न बांधता प्रवाहाच्या दिशेने तिरका, म्हणजे पाण्याचा जोर माणसाला आपोआप पलीकडच्या काठाकडे नेतो. दोराच्या खालच्या, प्रवाहाकडच्या बाजूने, दोर हातात धरून चालायचं. सॅकचे कमरेचे आणि छातीचे पट्टे आधी सोडायचे, म्हणजे वेळ आली तर सॅक टाकता येते. तोंड प्रवाहाच्या वरच्या बाजूला, हातात भक्कम काठी, एका वेळी एकच पाय उचलायचा. पाणी मांडीला लागत असेल, किंवा गुडघाभर असूनही तळ दिसत नसेल, तर दोर असला तरी उतरायचं नाही. हे वाचून 'जमेल' असं वाटत असेल तर एखाद्या गिर्यारोहण संस्थेच्या शिबिरात आधी प्रत्यक्ष करून बघा. हे वाचून शिकण्याचं काम नाही.

आता ती 'मागची वाट'. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन अशा ठिकाणी मनाई आदेश काढतं. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 144 खाली असे, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली निघतो, आणि तो मोडला तर न्याय संहितेच्या कलम 223 खाली गुन्हा दाखल होऊ शकतो. पण मला कायद्यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीची काळजी वाटते. रीतसर गेलात की गावात नोंद होते: इतके जण गेले, इतके परत आले. संध्याकाळी आकडा जुळला नाही तर शोध सुरू होतो. मागच्या वाटेने गेलेल्या नऊ जणांची वाट गावात कुणीच बघत नसतं. शिवाय तुम्ही अडकलात तर रात्री पाण्यात उतरणारी माणसं त्याच गावातली असतात. बाहेरची बचावपथकं पोचेपर्यंत दोरी आणि ट्यूब घेऊन तीच धावतात. घरी त्यांचीही पोरंबाळं आहेत. पाचशे रुपये वाचवायला किंवा एक शनिवार साधायला त्यांना या संकटात ओढू नये, असं मला मनापासून वाटतं.

वाट खुली असेल तेव्हाही गावातला वाटाड्या घ्याच, तुमच्या मोबाइलमध्ये ट्रॅक असला तरी. झाडीत ढोरवाटा इतक्या फुटतात की नवखा माणूस सरळ चाललोय असं समजून वेगळ्याच ओढ्याच्या पात्रात जातो, आणि जलाशय मागे पडला की नेटवर्क जातं. वाटाड्याला दोन प्रश्न आदल्या दिवशी फोनवर विचारा. काल वर माथ्यावर पाऊस होता का? आणि ओढ्याला आज पाणी कुठपर्यंत आहे? तो 'या, काही होत नाही' म्हणाला तर पुन्हा विचारा, आणि तो 'नको' म्हणाला तर त्याच्याशी वाद घालू नका. पैसे बुडवून तो नको म्हणतोय. एखाद्या संस्थेबरोबर जाणार असाल, तर राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणानुसार तिची नोंदणी आहे का, किती जणांमागे किती लीडर आहेत, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. एका लीडरमागे चाळीस जण असतील तर पैसे परत मागा.

मित्रांबरोबरच्या ट्रेकमध्ये अडचण होते ती निर्णयाची. क्लबच्या ट्रेकला लीडर ठरलेला असतो, तो 'मागे फिरा' म्हणाला की लोक कुरकुरत का होईना फिरतात. मित्रांमध्ये कुणीच कुणाचं ऐकायला बांधील नसतं. ज्याला भीती वाटतेय तो चेष्टेच्या भीतीने गप्प बसतो, आणि ज्याचा आवाज मोठा तो पुढे निघतो. 'इतक्या लांब आलोय तर' हे वाक्य ओढ्याच्या काठावर मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. म्हणून निघायच्या आधी, पुण्यातच, एकत्र बसून दोन गोष्टी ठरवा. नवांपैकी कुणीही एकाने ओढ्याशी 'मला नको' म्हटलं, तर सगळ्यांनी फिरायचं, कारण विचारायचं नाही आणि नंतर तो विषय चेष्टेचाही करायचा नाही. आणि सवयीच्या दोघांपैकी एकाने सगळ्यात मागे चालायचं. सगळ्यात हळू चालणारा त्याच्या पुढे. मागच्याच्या मागे कुणी राहता कामा नये. नवखा माणूस हरवतो तो नेहमी शेवटून दुसरा किंवा तिसरा, लघवीला थांबलेला किंवा बुटाची नाडी बांधायला बसलेला.

घरी थांबणाऱ्या एका माणसाला कागदावर लिहून द्या: नवांची नावं, गाडीचा नंबर, वाटाड्याचा नंबर, आणि 'पाचपर्यंत फोन आला नाही तर वाटाड्याला फोन कर, सातपर्यंत पत्ता लागला नाही तर 112 ला'. महाराष्ट्रातल्या गिर्यारोहकांचं रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर आहे, त्यांच्यामार्फत जवळचं पथक निघतं. पण कुठे शोधायचं हे घरच्या माणसाला सांगता आलं पाहिजे. 'ताम्हिणीला कुठेतरी गेलेत' एवढ्यावर रात्रीच्या अंधारात शोधणाऱ्याने काय करायचं?

वेळेचं म्हणाल तर पहाटे साडेचार-पाचला पुणं सोडा. आठच्या आत भिऱ्यातून चालायला लागलात तर साडेदहापर्यंत धबधब्याशी पोचता. साडेबाराला तिथून उठायचंच, मग ऊन असो की गप्पा रंगलेल्या असोत. सप्टेंबर-ऑक्टोबरमधला परतीचा पाऊस दुपारनंतर विजा घेऊन येतो, आणि दरीत सूर्य कड्याआड गेला की झाडीखाली चारलाच अंधारून येतं. प्रत्येकाकडे डोक्याला लावायची बॅटरी हवी, मोबाइलचा टॉर्च धरता येत नाही कारण दोन्ही हात लागतात. शिट्टीही प्रत्येकाकडे हवी. धबधब्याजवळ ओरडून सांगितलेलं चार हातांवर ऐकू येत नाही.

कुंडात उतरायचं का? तिघांना पोहता येत नाही म्हणता, त्यांनी पाण्याबाहेर, किंवा कुंडातून पाणी जिथे उथळ होऊन बाहेर पडतं तिथे घोट्याभर पाण्यात बसावं. पोहता येणाऱ्यांनीही धारेखाली जायचं नाही. दोरी बांधलेली असली तर ती ओलांडायची नाही, नसली तरी मनातल्या मनात बांधलेली आहे असं धरायचं. धार पडते तिथलं पांढरं पाणी म्हणजे पाण्यात मिसळलेली हवा. त्या पाण्यात अंग नेहमीसारखं तरंगत नाही, हातपाय मारूनही माणूस खाली जातो, आणि वरून पडणाऱ्या पाण्याचा लोंढा तळाशी जाऊन पुन्हा धारेकडे वळतो, तो माणसालाही तिकडेच खेचतो. शिवाय कातळ आतून रांजणखळग्यांनी पोखरलेला असतो, एक पाऊल गुडघाभर आणि पुढचं गळ्याच्या वर. तिसरी गोष्ट दगड. इतक्या उंचावरून पडलेला लिंबाएवढा दगडही कवटी फोडतो, आणि पाण्याबरोबर येणारा दगड दिसत नाही, ऐकूही येत नाही. वरून सूर मारणाऱ्यांबद्दल मी बोलतच नाही, ते करू नका. कुणी बुडताना दिसलं तर मागोमाग उडी टाकू नका. काठी, दोर, रिकाम्या बाटल्या भरलेली झिप लावलेली सॅक, जे तरंगेल ते त्याच्याकडे फेका.

दारू कुणाच्याही सॅकमध्ये असता कामा नये. यावर मला अधिक काही लिहायचं नाही.

बूट. ट्रेकचेच हवेत असं नाही, पण तळव्याची नक्षी झिजलेली नसावी. जॉगिंगचे मऊ, गुळगुळीत तळाचे बूट ओल्या बेसॉल्टवर घसरतात. आपल्याकडचे जुने ट्रेकर वर्षानुवर्षं ॲक्शनचे साधे ट्रेकिंग बूट वापरत आलेत, तेवढ्याने उत्तम भागतं. नवे बूट आधी पंधरा दिवस रोजच्या चालण्यात वापरा. ओढ्यात बूट काढून अनवाणी जाऊ नका, ओले झाले तर होऊ द्या. जीन्स नको, ओली झाली की जड होते आणि वाळत नाही. सॅकमध्ये आतून एक जाड प्लॅस्टिकची पिशवी, तीत कोरड्या कपड्यांचा एक जोड. दोन लिटर पाणी, पोळी-भाजी किंवा भाकरी-ठेचा, खजूर, चिक्की, मीठ-साखरेची पुडी, क्रेप बँडेज. छत्री नको, हात अडकतो.

साप असतात, आणि ते सहसा आपल्याआधी निघून जातात. झाडाच्या फांदीवर हिरवा चापडा बसलेला असू शकतो, तेव्हा हात टेकायच्या आधी फांदी बघा. दंश झालाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काहीही करू नका. तो अवयव फांदी लावून स्थिर करा, माणसाला चालवू नका, उचलून आणा, आणि माणगावच्या उपजिल्हा रुग्णालयाची वाट धरा. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं, चापड्यावर नाही. पण ते ठरवायचं काम डॉक्टरांचं आहे. कड्यांवर आग्या मोहोळ असतं. धूर, फटाका, अत्तर, दगड मारणं यातलं काहीही नको. एकदा मोहोळ उठलं की पळायला वाट अरुंद असते.

जेवण भिऱ्यातल्या एखाद्या घरी आदल्या दिवशी सांगून ठेवा. तांदळाची भाकरी, पिठलं किंवा कोंबडीचा रस्सा, परतल्यावर याच्यासारखं दुसरं सुख नाही, आणि चार पैसे गावात राहतात. प्लॅस्टिकचं एकही पाकीट मागे सोडू नका. स्पीकर घरी ठेवा. धबधब्याशी तो ऐकू येत नाही आणि वाटेत जंगलाचा आवाज मारतो, शिवाय पाण्याचा बदललेला आवाज ऐकायचा तर कान मोकळे हवेत.

राहिला तुमचा ऑगस्टचा शनिवार. तो फुकट घालवू नका. लोणावळ्याच्या पुढे कोराईगडला जा. पेठ शहापूरकडून चांगल्या पायऱ्या आहेत, वाटेत ओलांडायला ओढा नाही, आणि जोराचा पाऊस असला की पायऱ्यांवरूनच पाणी उतरत येतं. वर रुंद पठार, तळी, अखंड तटबंदी आणि कोराईदेवीचं देऊळ आहे. नवख्या तिघांना घेऊन तिथे चढ-उतार करून बघा. कोण किती दमतं, कुणाचे बूट घसरतात, मागे चालायची शिस्त कोण पाळतं, हे सगळं देवकुंडच्या आधी कळून जाईल. मोठा धबधबाच बघायचा असेल तर साताऱ्याजवळ ठोसेघर आहे, तिथे समोरच्या बाजूला बघायला बांधलेली गॅलरी आहे आणि पाण्याच्या जवळ जावंच लागत नाही. तिकडेही निघण्याआधी त्या-त्या जिल्ह्याचे चालू आदेश बघून घ्या, कारण जोराच्या पावसात किल्ले आणि धबधबे दोन्ही बंद ठेवतात. आणि पोहता न येणाऱ्या तिघांनी सोमवारपासून जवळच्या तलावात नाव नोंदवलं, तर देवकुंडच्या तारखेपर्यंत निदान तरंगायला शिकण्याइतका वेळ त्यांच्या हातात आहे.